अळंबीचा पहिला घास

चांगुणामावशी जेवायला बसत त्या भिंतीकडे तोंड करून. घरात कोणी नसले तरीही. पाठ चुलीकडे, ताट मांडीजवळ ओढलेले आणि डावा हात ताटाच्या कडेवर, मागून कोणी ते ओढून नेईल अशा बेताने धरलेला. राजूरच्या शाळेत नोकरीला लागल्यावर त्यांच्या घराची मागची खोली मी भाड्याने घेतली. त्याच आठवड्यात काही विचारायला म्हणून त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात गेले, तेव्हा मला प्रथम दिसली ती ही पाठ. मी खाकरले. त्या वळल्या नाहीत.

"भाईर थांबा म्याडम," त्या म्हणाल्या. "कुनी बघत असलं का माझा घास उतरत न्हाई."

मी पडवीत जाऊन थांबले. पडवीत त्यांचे यजमान, ज्यांना सारे राजूर तात्या म्हणे, सुपारी कातरीत बसले होते. ते हसले. "तिचं मनावर घिऊ नका. तिची जीभ कारल्याच्या येलावर वाळत घातलेली हाय."

तात्या सर्वांचे आवडते. राजूरच्या बाजाराला डोंगरातल्या खेड्यांतून माणसे येत, ती परतीच्या जीपची वाट बघत तात्यांच्या ओट्यावर टेकत. तात्या त्यांना पाणी देत, कोणाच्या पोराची सोयरीक, कोणाच्या बैलाचा खूर, सगळ्याची विचारपूस करीत. पाणी भरून ठेवण्याचे काम अर्थातच मावशींचे. त्या हंडा ठेवीत, कोणाकडे न बघता आत जात, आणि आलेली माणसे तात्यांकडे सहानुभूतीने पाहत. देवमाणसाच्या पदरी कजाग बायको पडली, असे गावाचे एकमत होते. मावशींना ते ठाऊक होते. त्यांनी ते खोडून काढण्याचा प्रयत्न केलेला मला कधी आठवत नाही.

त्या उंच होत्या, हाडापेराने रुंद. भात लावायला त्या चिखलात उतरल्या की बाकीच्या बाया त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला जागा धरायला बघत नसत, कारण त्यांच्या वेगाने लावणी करणे कोणाला जमत नसे, आणि मागे पडले तर जे ऐकावे लागे ते घरी जाऊन नवऱ्याला सांगण्यासारखे नसे. त्या कोणाला आग्रह करीत नसत. आपल्याकडे पंगतीत "घ्या हो अजून एक" म्हणणे हा शिष्टाचार. मावशी एकदा वाढीत आणि भांडे उचलून नेत. "भूक ज्याची त्याला ठाव," त्यांचे म्हणणे. कोणी त्यांच्या हाताची चव वाखाणली तर म्हणत, "बरं. आता ताट उचला." एखादी शेजारीण गोड बोलायला लागली की त्या हातातले काम थांबवून तिच्याकडे पाहत आणि शांतपणे विचारीत, "काय पायजे?" बहुतेक वेळा तिला काहीतरी हवेच असे, हा भाग वेगळा.

अशा बाईशी माझे कसे जमले, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. कदाचित मी फारशी बोलत नसे, म्हणून. शाळेतून आल्यावर मी माझ्या उंबऱ्यावर बसून वह्या तपाशी, त्या समोर नागली पाखडीत, आणि दोघींच्या मध्ये फक्त सुपाचा आवाज असे. एक दिवस त्या आपणहून म्हणाल्या, "तुमी बऱ्या. तुमाला इचारायची सवय न्हाई."

आषाढ सरत आला की मावशी बदलत. बदल बाहेरून दिसण्यासारखा नव्हता. रात्री डोंगरावर ढग गरजले, वीज चमकली, आणि दुसऱ्या दिवशी ऊन-सावलीची उघडीप पडली, की त्या पहाटे पदर खोचून निघत. "कुठं चाललात मावशी?" असे कोणी विचारले तर "शेनाला" म्हणत. अळंबीला निघालेल्या माणसाने अळंबीचे नाव काढायचे नाही, अशी तिकडे समजूत आहे. नाव ऐकले की ती जमिनीत परत जाते. साऱ्या गल्लीला ठाऊक असे की पाटी न घेता, कमरेला सागाची ओली पाने गुंडाळून शेणाला कोणी जात नाही. पण विचारणारा मान डोलावी आणि वाट सोडी.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी त्यांनी मला बरोबर नेले. सरळ वाटेने गेलो असतो तर लवकर पोहोचलो असतो. पण त्या आधी भलत्याच ओहोळाच्या काठाने गेल्या, एका बांधावर उगीचच थांबून गवत कापल्यासारखे केले, मागे कोणी नाही याची खात्री केली, आणि मग करवंदीच्या जाळीतून वाकून मला एका उतारावर आणले. तिथे एक जुने वारूळ होते, पावसाने खांदे उतरलेले. त्याच्या पायथ्याशी ओल्या तांबड्या मातीतून पांढऱ्या छत्र्या वर आल्या होत्या. काही उघडलेल्या, काही अजून मिटलेल्या, प्रत्येकीच्या मध्यावर बोंडासारखे टोक. मी नकळत हात वर केला.

"बोट!" त्या कुजबुजल्या. "बोट दाखवू नका. मुडपून धरा."

मी बोट मुडपून घेतले. मावशी गुडघ्यांवर बसल्या. विळा त्यांनी दूर झुडपात ठेवून दिला होता. वारुळापाशी लोखंड न्यायचे नाही. त्या बोटांनी माती सैल करीत आणि छत्री हलकेच फिरवून काढीत. दांडा लांब निघे, खाली खाली निमुळता होत मातीत नाहीसा झालेला. मुळापासून उपटायचे नसते. आत उधईचे, म्हणजे वाळवीचे, घर असते आणि ते मोडले की पुढल्या वर्षी तिथे काही येत नाही. सगळ्यांत मोठ्या दोन त्यांनी तशाच ठेवल्या. "ह्या तिच्या," म्हणाल्या. ती कोण, हे मी विचारले नाही.

येताना वाटेत एका कुजक्या ओंडक्यावर तसल्याच पांढऱ्या छत्र्या दिसल्या. माझ्या दृष्टीने अगदी तशाच. मावशींनी त्या टाचेने चिरडल्या.

"ह्या कशावरून वेगळ्या?" मी विचारले. तेवढे एकच विचारले.

"तुमी मानूस कशावरनं वळखता?"

"चेहऱ्यावरून."

"आन् चुकत न्हाई?"

त्या थोडे चालल्या आणि म्हणाल्या, "चुकतं. म्हून जिथं आपल्या बानं दावलंय तिथलीच घ्यायची. वळख हाय म्हून नव्या जागंची घेतली का गेलं मानूस."

त्यांचे माहेर आणखी वर, धरणाच्या पाठच्या डोंगरात. वडिलांनी अळंबीच्या जागा, पार राजूरच्या उतारापर्यंतच्या, त्यांना दाखवल्या होत्या, भावाला नव्हे. त्यांच्या वडिलांची रीत अशी की जो आणतो तो आधी खातो. म्हातारा स्वतः शिजवी, चुलीपाशीच बसून ताटलीभर खाई, मग अंगणात बिडी ओढीत पोरांना गोष्टी सांगी. ऊन ओट्यावरून खाली उतरले की म्हणे, "मी हाय अजून. बसा जेवाया." पोरे हसत. मावशी हे सांगताना जवळजवळ हसल्या होत्या.

सासरची रीत वेगळी होती. ती मला त्यांनी अळंबी साफ करताना सांगितली. अळंबीला विळी लावीत नाहीत. हाताने उभी फाडायची, तीन पाण्यांतून माती काढायची. मग तव्यावर कांदा, ठेचलेला लसूण, हळद, लाल तिखट, मीठ. पाणी घालायचे नाही, तीच पाणी सोडते. ते पाणी आटेपर्यंत झाकण ठेवायचे. घरभर ओल्या मातीचा आणि मटणाचा मिळून एक वास सुटे. तात्या त्या वासाने ओट्यावरून उठून आत येत आणि आपल्या आईचे चांदीचे जोडवे त्या पाण्यात टाकायला देत. चांदी काळी पडली तर विषारी, असा त्यांचा ठाम विश्वास.

"चांदीला काय कळतंय?" मावशी म्हणत आणि जोडवे चिमट्याने काढून बाजूला ठेवीत.

त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात सासूने अळंबी आणली. शिजल्यावर सासूने देवघरातला पाट काढला, त्यावर नव्या सुनेला बसवले, कपाळाला कुंकू लावले आणि ताट वाढून म्हणाली, "आधी तू खा." मावशींनी तोवर माहेरीही आणि सासरीही बायकांनी सगळ्यांच्या मागून जेवायचे, उरलेल्यावर भागवायचे, हेच पाहिलेले. वडिलांची अळंबीची वेळ तेवढी निराळी. त्यांना वाटले, या घरात सुनेला मान आहे. सासरा, दोन दीर, नवरा, सगळे समोर ओळीने बसलेले. त्यांनी लाजत घास घेतला. दुसरा घेतला. "लई चांगलं झालंय," म्हणाल्या.

कोणी हलले नाही. सासरे उठून गोठ्यात गेले, गाईची धार काढून झाली, दूध गाळून ठेवले, मग येऊन त्यांनी सुनेच्या तोंडाकडे बघितले. "बरी हाय," सासूला म्हणाले. "वाढ आता."

"देवीला बसवत्यात तसं बसवलं हुतं मला पाटावर," मावशी म्हणाल्या. अळंबी फाडणारा हात थांबला नव्हता. "मला लई बरं वाटलं हुतं त्या टायमाला. बकऱ्याला बी आधी कुकू लावत्यात, ह्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

तेव्हापासून दर पावसाळ्यात, दर वेळी, अख्खे घर समोर बसून त्यांना जेवताना बघत आले होते. पुढे अळंबी त्याच आणू लागल्या, जागा त्यांच्या, हात त्यांचा, तरी पाट सुटला नाही. भिंतीकडे तोंड करून जेवण्याचे कारण मला त्या दिवशी कळले. त्यांनी ते कारण म्हणून सांगितले नव्हते.

आणखी एक गोष्ट मी प्रथम तात्यांच्या तोंडून ऐकली होती. ती ते पाहुण्यांना हमखास सांगत, आणि फार रंगवून सांगत. एका वर्षी म्हणे सासूने नव्या जागेची अळंबी आणली. मावशींनी रीतीप्रमाणे आधी खाल्ली, आणि धार काढून होते न होते तोच त्यांना उलट्या सुरू झाल्या. सगळ्यांनी आपापली ताटे तशीच उकिरड्यावर पालथी केली. "आमच्या बाईनं घर वाचवलं!" तात्या मांडीवर थाप मारून म्हणत. "अख्खं खानदान गेलं असतं. आमची आई म्हनायची, सून असावी तर अशी." पाहुणे कौतुकाने आत बघत. आतून भांड्यांचा आवाज मोठा होई.

मावशींनी त्या गोष्टीत फक्त एक भर घातली. माझ्यापुरती, एकदाच.

"त्या वर्सी मला दिवस गेलेलं हुतं. संपतच्या आधी." त्यांनी पदराने हात पुसले. "त्यानंच ग्येलं का दुसऱ्या कशानं, देवाला ठाव. त्यो भाग ह्ये सांगत न्हाईत. गोष्टीला शोभत न्हाई ना."

संपत हा त्यांचा एकुलता एक मुलगा. सुप्याच्या कारखान्यात नोकरीला, तिथेच खोली करून राहणारा. बोलायला बापासारखा मऊ, दिसायला आईसारखा उंच. त्याचे लग्न पारनेरकडच्या मुलीशी झाले. वैशाली तिचे नाव. बारावी झालेली, नीटनेटकी, थोडी लाजरी. पारनेरचा तो भाग कोरडा. तिकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेता जातो. वारुळातून निघालेले काही माणसे खातात हे तिने लग्नानंतरच ऐकले. पहिल्या पावसाळ्यात ती सासरी आली तेव्हा तिला चौथा की पाचवा महिना होता. आठवड्याच्या सुट्टीला जोडून संपतने रजा काढली होती. मावशींनी मला बोलावणे पाठवले, "जेवाया या." एवढे मऊ शब्द मी त्यांच्याकडून क्वचितच ऐकले होते.

अळंबी आणायची टूम तात्यांची. "पोरीला आपल्याकडचा मेवा दाव की." मावशी पहाटेच गेल्या होत्या, त्या जुन्या वारुळावर, वडिलांनी दाखवलेल्या. दुपारी मी गेले तेव्हा चुलीवर झाकण ठेवलेले होते आणि वैशाली पदर नाकाला लावून, हसत, संपतला विचारीत होती, "हे खरंच खायचं असतं का ओ?"

"एकदा खाल्लंस का मटान इसरशील," संपत म्हणाला.

भांडे उतरले. मावशींनी डावाने ताटलीत वाढले आणि नेहमीप्रमाणे स्वतःच खाली बसू लागल्या. तेव्हा तात्या देवघराकडे गेले आणि पाट घेऊन आले. तो त्यांनी मध्यभागी मांडला, पंच्याने पुसला.

"आता तुझा मान संपला," ते मावशींना चेष्टेने म्हणाले. "सून आली. बस गं पोरी. आमच्यात अळंबीचा पयला घास लक्ष्मीचा असतो."

वैशाली गोंधळून, पण खुलून, पदर सावरीत उठली. कुंकवाचा करंडा तात्यांच्या हातात होता.

"मी खाते आधी," मावशी म्हणाल्या. "मी आनलंय."

"अगं रीत हाय."

"तिला दिवस हायेत."

"मग? तुला न्हवतं का?" तात्या हसत म्हणाले. मला वाटते, आपण काय बोललो हे त्यांना कळलेही नसावे. तसे कळले असते तर ते देवमाणूस राहिले नसते, की झाले असते, कोण जाणे.

मावशी ताटली हातात घेऊन उभ्या राहिल्या. संपत म्हणाला, "आई, कशाला उगाच? खाऊ दे की. तूच आनलीय, तूच शिजवलीय. काय हुतंय?"

"काय हुत न्हाई ना?"

"काय न्हाई हुत."

"मग तू खा." ताटली त्यांनी त्याच्यासमोर धरली. "घे. आईच्या हातचं हाय."

संपत हसला. बापाकडे बघितले. पुन्हा हसला. "मला उद्या ड्युटी हाय आई."

हे वाक्य तो इतक्या सहज बोलला की वैशालीही हसली. मावशींनी ताटली तात्यांपुढे नेली. "तुमी घ्या. इतकी वर्सं खातायसा माझ्या मागनं. आज फुडं या."

"बायकांच्या आधी पुरुष जेवतेत व्हय अळंबी?" तात्यांचा आवाज आता चढला होता. "पाव्हण्यांच्या म्होरं तमाशा मांडलास?"

"रोज तर आधीच जेवता की. आजच्या दिवशीच बायकांचा कसा येवडा कळवळा?"

माझ्या नकळत माझा हात ताटलीकडे गेला. मावशींनी तो मनगटाने दूर सारला. "तुमी न्हाई म्याडम. ह्ये घरातलं हाय."

"आत्याबाई, मी खाते ना," वैशाली म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "भांडू नका. द्या इकडं."

"तू हात लावायचा न्हाई."

आणि मग चांगुणामावशी त्या पाटावर बसल्या. कुंकू न लावता. भिंतीकडे नव्हे, आमच्याकडे तोंड करून. एकेका माणसाकडे बघत त्यांनी ती ताटली खाल्ली. एक घास नाही, पूर्ण ताटली, भाकरीने कड पुसून. झाल्यावर त्यांनी ताटली खाली ठेवली, भांडे उचलले आणि मागच्या दाराने गेल्या.

तात्या आणि संपत ओट्यावर जाऊन बसले. कारखान्यातल्या सुट्ट्यांचे, पाटाच्या पाण्याचे असे काही बोलत होते. वैशाली आत रडत होती आणि मी तिच्याजवळ बसले होते. गाईची धार निघाली. दूध गाळून झाले. तात्या दारात आले, त्यांनी परत येऊन चुलीपाशी बसलेल्या मावशींकडे नीट निरखून पाहिले, आणि जणू काही घडलेच नव्हते अशा स्वरात म्हणाले, "बरी हायेस ना? मग वाढ की आता. भूक लागलीय."

मावशींनी मोरीकडे हात केला. घासून पालथे घातलेले भांडे तिथे ठिबकत होते.

त्या दिवसानंतर त्या घरात अळंबी शिजली नाही. तात्यांनी ते लवकर विसरून टाकले. निदान तसे दाखवले. संपत दुसऱ्या दिवशी ड्युटीसाठी म्हणून लवकरच्या गाडीने गेला, वैशालीलाही बरोबर घेऊन. तिने मात्र ते विसरून टाकले नाही. तिच्या माहेरी, सुप्याच्या शेजारणींत, पुढे बारशाला जमलेल्या पाहुण्यांत, एक गोष्ट फिरत राहिली. पहिल्यांदा सासरी गेले, सासऱ्यांनी हौसेने पाट मांडला, मान दिला, आणि सासूबाईंनी मला पाटावर बसू न देता स्वतः बसून खाल्लं. उरलेलं उकिरड्यावर ओतलं, पण मला घास दिला नाही. अळंबीबद्दल काहीच ठाऊक नसलेल्या पारनेरच्या मुलीने जे पाहिले ते असे होते, आणि जे पाहिले त्यात तिच्या दृष्टीने खोटे काहीच नव्हते. ऐकणाऱ्यांनाही ते पटे. चांगुणाबाईंचा स्वभाव कोणाला ठाऊक नव्हता? नातवाला घेऊन ती राजूरला येई ती उन्हाळ्यात, दोन दिवसांसाठी, आणि सासूच्या हातचे पाणी घेतानाही तिचा चेहरा आखडलेला असे.

ही गोष्ट माझ्या कानावर आली तेव्हा मी प्रथमच मावशींना सल्ला देण्याचे धाडस केले. "तुम्ही तिला सांगून टाका ना," मी म्हणाले. "तुम्ही का केलंत ते. संपतच्या आधी तुमचं काय झालं ते."

त्या नातवासाठी गोधडी शिवीत होत्या. दोरा दातांनी तोडून म्हणाल्या, "काय सांगू? तुझा नवरा तुला खाऊ घालाया तयार हुता आन् सोता न्हवता, आसं?"

"तिनंही ते ऐकलं होतं."

"ऐकलं. पन कळलं न्हाई तिला. हसली ती." सुईत दोरा ओवायला त्यांनी तो उजेडाकडे धरला. "म्याडम, तिला त्याच्यासंगं जलम काढायचाय. मला एकदा कळलं, तवापासनं मी भिताडाकडं त्वांड करून जेवतीया. तिनं तरी कशापायी? तिच्या लेखी मी वाईट हाय, ऱ्हाऊ द्या. सासू वाईट असली तर बाईचं काय अडत न्हाई."

पुढे माझी बदली नगरला झाली. निघताना मी त्यांना वाकून नमस्कार केला तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं. या आता." आग्रह अर्थातच केला नाही.

मध्ये काही वर्षे गेली. राजूरला जाणे झाले नाही. गेल्या श्रावणात शाळेतल्या सहकाऱ्यांबरोबर भंडारदऱ्याला गेले होते. धरणाच्या अलीकडे पावसाळ्यात रस्त्याच्या कडेने कणसे भाजणाऱ्यांच्या, चहाच्या टपऱ्यांच्या रांगा लागतात. मुंबई-पुण्याच्या गाड्या थांबतात. तिथे एका वळणावर, सगळ्यांपासून जरा बाजूला, मला ती पाठ दिसली. मी ती कुठेही ओळखली असती. प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेऊन मावशी बसल्या होत्या आणि पुढ्यात सागाच्या पानांवर अळंबी मांडलेली होती. त्या थकल्या होत्या. खांदे पुढे आले होते.

मी जवळ जाणार तोच एक गाडी येऊन थांबली. काच खाली झाली. माझ्याच वयाची एक बाई, बरोबर यजमान, मागे दोन मुली.

"मावशी, हे मशरूम ना? रानातले?"

"व्हय."

"विषारी नाहीत ना?"

"न्हाई."

"तुम्ही घरी करता का?"

मावशी क्षणभर थांबल्या. "न्हाई," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी कुनी खात न्हाई."

मला वाटले, आता काच वर होणार. यजमानांनी बायकोकडे साशंकपणे पाहिलेही. पण ती बाई हसली. "असू दे हो. द्या एक वाटा. रात्री सगळे मिळून खाऊ. तुम्ही म्हणताय ना चांगले आहेत, मग झालं. तुमच्यावर विश्वास आहे आमचा."

किती सहज म्हणाली ती. मावशींनी बांधलेला पुडा तिच्या हाती दिला, तिने तो घेतलाही. आणि मग मावशींनी हात पुढे केला.

"जरा द्या हिकडं."

"का हो?"

"द्या."

त्यांनी पुडा परत घेतला, मांडीवर ठेवला, दोरा सोडला. पान उघडून एकेक छत्री उचलली. उलटी करून खालची बाजू पाहिली, दांड्यावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेली, बाजूला ठेवली. मागची एक गाडी हॉर्न वाजवू लागली. यजमान घड्याळ बघू लागले. मावशींनी मान वर केली नाही. पाऊस प्लास्टिकवर वाजत होता आणि त्या पुढची छत्री उचलून उलटी करीत होत्या.